शब्द गाळून नुसते वाजवा, असे सांगणाऱ्या आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीस

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी आधी फक्त तुम्हालाच पाठवले होते, तेही दोनदा. पहिल्या वेळी "मिळालं, मीटिंगमध्ये घेतो" असे उत्तर आले. दुसऱ्या वेळी काहीच आले नाही. ती मीटिंग होऊन आता तीन आठवडे झाले. मंडळ सगळ्यांचे आहे, वर्गणी सगळे भरतात, तेव्हा जे झाले ते सगळ्यांच्या कानावर घालते.

जुलैमध्ये तुम्ही दिवाळीच्या कार्यक्रमासाठी प्रस्ताव मागवलेत. मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून ३५ मिनिटांचा कार्यक्रम दिला. ती इराकी-अमेरिकन आहे. वडील बगदादचे, आई इथलीच, मिशिगनमधल्या फ्लिंटची. कार्यक्रमात इराकी मकाम, म्हणजे तिकडची पारंपरिक गायकी, होता, तिच्या आईच्या चर्चमधल्या गाण्याचा ठेका होता आणि या दोन्हींमधून वाट काढणारे तिचे स्वतःचे बोलणे होते. इथे त्याला स्पोकन वर्ड म्हणतात. स्वतः लिहिलेले शब्द, पाठ करून, लयीत, लोकांच्या डोळ्यांत बघून म्हणायचे. साथीला संतूर, जोझा, ट्रंपेट, तबला आणि माझी पेटी. ऑगस्टमध्ये तुमचा होकार आला. कार्यक्रमाला नऊ दिवस उरले असताना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, तो जसाच्या तसा देते: "ताई, बोलण्याचा भाग काढून टाका, फक्त म्युझिक ठेवा, १२ मिनिटं. विषय जड आहे, थोडा पॉलिटिकल पण वाटतो. लोक दिवाळीला मजा करायला येतात."

आम्ही दोघींनी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशीच्या पत्रिकेत आमचे नाव नव्हते.

तुम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून हे काम करता, हॉलच्या भाड्यापासून फराळाच्या ऑर्डरीपर्यंत सगळे तुमच्याच डोक्यावर असते, हे मी १९ वर्षे पाहते आहे. मी आजीव सभासद आहे. गणपतीत आरतीला पेटी माझी असते आणि आपली निम्मी मुले रविवारी माझ्याकडे शिकायला येतात. म्हणून परक्यासारखे गप्प बसून निघून जाणे मला जमणार नाही.

आधी त्या बोलण्याबद्दल सांगते, कारण तुमच्यापैकी कोणीही ते ऐकलेले नाही. तालमीला या, असे दोनदा बोलावूनही कोणी आले नाही.

मकाम म्हणजे आपल्या रागाच्या जवळची गोष्ट, पण हुबेहूब राग नव्हे. बगदाद, मोसुल, किर्कुक इथे पिढ्यान्‌पिढ्या गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात आलेली ही गायकी आहे. सुरुवातीचा आलापासारखा भाग म्हणजे तहरीर, मध्ये आवाज वर चढतो ती मयाना, आणि शेवटी उतरत घरी येणे म्हणजे तस्लीम. त्यानंतर सगळ्यांनी मिळून म्हणायचे हलके गाणे. त्याला पस्ता म्हणतात. युनेस्कोने २००३ मध्ये इराकी मकामाला मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून मान दिला. आपला 'मुक्काम' हा शब्द त्याच अरबी घरातून आला आहे, आणि 'शाहीर' हाही अरबी 'शाइर', म्हणजे कवी.

मकामात गायक कविता गातो. शास्त्रीय अरबीतला कसीदा गातो, नाहीतर बोलीतली झुहैरी. झुहैरी सात ओळींची असते. पहिल्या तीन ओळींच्या शेवटी एकच शब्द येतो, पण दर वेळी त्याचा अर्थ वेगळा. पुढच्या तीन ओळींना दुसरा शब्द, आणि सातवी ओळ पुन्हा पहिल्या शब्दावर येऊन टेकते. श्लेष आणि यमक एकत्र बांधावे तसा हा प्रकार. जाणकार श्रोते त्या शब्दाचीच वाट पाहत बसलेले असतात.

माझ्या मैत्रिणीने ही झुहैरी इंग्रजीत रचली. तिचा शब्द आहे 'लीव्ह'. पहिल्या ओळीत त्याचा अर्थ निघून जाणे, दुसरीत मागे ठेवणे, तिसरीत परवानगी. वडिलांनी देश सोडला, स्वतःच्या आईला मागे ठेवले, आणि पुढे तिच्या मयताला जायला ना तिकडची परवानगी मिळाली ना इकडची. सातव्या ओळीत तो शब्द परत येतो तेव्हा तिन्ही अर्थ एकदमच कानावर पडतात, आणि तिथेच संतूर थांबतो. मी हे पंधरा-वीस वेळा ऐकले असेल. त्या जागी माझा भाता दर वेळी हातात तसाच राहतो.

आता मला सांगा, यातून शब्द काढून "फक्त म्युझिक" कसे ठेवायचे? अभंग काढून हरिपाठ कसा वाजवायचा? कीर्तनातले निरूपण गाळून नुसत्या टाळ-मृदंगाला कीर्तन म्हणता येईल का? या मंडळात दरवर्षी कोणी ना कोणी कीर्तनकार येतात. पूर्वरंगात ते बोलायला लागले, की मध्येच उठून "बुवा, नुसतं गा" असे आपण कधीच म्हटलेले नाही.

तालमी माझ्या बेसमेंटमध्ये झाल्या. जोझा हे गजाने वाजवायचे छोटे तंतुवाद्य, आणि त्याचे पोट म्हणजे नारळाची करवंटी. अरबीत नारळाला 'जौझ अल-हिंद' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा अक्रोड. माझी आई रत्नागिरीकडची. तिने व्हिडिओ कॉलवर ते वाद्य पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, करवंटी घासली कशाने. वाजवणाऱ्या मुलाने ती कॅमेऱ्याजवळ धरून आतूनबाहेरून दाखवली.

माझी अडचण वेगळी होती. रास्त नावाच्या मकामातला गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध लागतो. पेटीवर ती पट्टीच नाही. पहिल्या तालमीला मी दोन्ही गंधार दाबून पाहिले, फार वाईट वाजले. मैत्रीण म्हणाली, तिथे तू सोड, मी घेते. मग मी फक्त षड्ज धरून बसायचे आणि तो स्वर तिच्या गळ्यातून यायचा. तबल्याची अडचण लयीची. त्यांचा जुर्जिना ठेका दहाच मात्रांचा, पण आपल्या झपतालासारखा दोन-तीन, दोन-तीन तुटत नाही. आमच्या तबलजींचा हात चौथ्या रविवारी बसला. शेवटी पस्त्याच्या जागी तिने आईच्या चर्चमधल्या टाळ्या घेतल्या, चार मात्रांत दुसरीवर आणि चौथीवर पडणाऱ्या. फ्लिंटची आजी शिकवायची तशा. जुर्जिना संपून त्या टाळ्या सुरू होतात तेव्हा शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन वस्तू पाहिल्यासारखे वाटत नाही. एकाच बाईचे एकच बालपण ऐकतो आहोत असे वाटते.

तिच्या वडिलांचे डेट्रॉइटला सेव्हन माइल रस्त्यावर किराणा दुकान होते. गल्ल्यामागे एक टेपरेकॉर्डर असे आणि दिवसभर मकामाच्या कॅसेट चालत. वडील नोटा अरबीत मोजायचे आणि गिऱ्हाइकाला आकडा इंग्रजीत सांगायचे. तिच्या बोलण्यातला सर्वात हलका, हसरा भाग हाच. ती "वाहिद, इथ्नेन, थलाथा" म्हणते आणि त्याच लयीत माझी सोळा वर्षांची मुलगी "एक, दोन, तीन" म्हणते, कारण तिचा आजोबाही भाजीवाल्याचे पैसे असेच मोजतो. मंडळाच्या मंचावर मराठी बोलायला माझी मुलगी आपणहून तयार झाली, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडत होते. आठ वाक्ये होती तिची. आरशासमोर उभी राहून करायची. निरोप आला त्या रात्री तिने विचारले, "तिनं बोललेलं त्यांना का नको आहे?" मला उत्तर देता आले नाही. ते तुम्ही द्यावे.

आता माझ्या तक्रारी.

तुम्ही आधी आमच्याकडून बोलण्याचा पूर्ण मजकूर मागवलात, वर अरबी ओळींचे भाषांतरही. मैत्रिणीने ते दोन दिवसांत दिले. त्याच संध्याकाळी एक विनोदी एकपात्री होती, एक नाटुकले होते, सिनेगीतांचा कार्यक्रम होता. त्यांच्यापैकी कोणाकडून मजकूर मागवला नाही, हे मी स्वतः त्यांना विचारून खात्री करून घेतले आहे. नियम असेल तर तो सगळ्यांना असावा. एकाच आडनावाच्या माणसाला लावलेला नियम हा संशय असतो, आणि तो तिच्या लक्षात आल्याशिवाय राहिला नाही. ती या देशात जन्मली, तरी विमानतळावर हाच अनुभव तिला नेहमी येतो. अमेरिकेत प्रवेशबंदीच्या २७ जानेवारी २०१७ च्या आदेशात इराकचे नाव होते, मार्चच्या आदेशातून ते वगळले गेले. मधल्या आठवड्यांत तिचे एक काका अम्मानमध्ये अडकून पडले होते. आपल्यातल्या कितीजणांनी व्हिसाच्या शिक्क्यासाठी रात्री जागून काढल्या आहेत! निदान आपल्या दारात तरी तिला हे पुन्हा दिसायला नको होते.

पत्रिकेच्या पहिल्या मसुद्यात आमच्या कार्यक्रमाचे नाव बदलून 'अरेबियन नाइट स्पेशल' केले होते. न विचारता. खाली उंटाचे चित्र. आणि एका सदस्यांनी फोनवर विचारले की यात एखादा बेली डान्स घालता येईल का, म्हणजे रंगत येईल. मी तेव्हा मैत्रिणीला हे सांगितले नाही. आज लिहिताना तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. दुकानात शाळेचा गृहपाठ करत वाढलेली ही बाई, तिने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत उभे राहायचे ठरवले होते. आपल्या लावणीला कोणी परक्याने अशी वागणूक दिली असती तर आपण काय म्हटले असते ते आठवून पाहा.

मग "पॉलिटिकल". तुमचा आक्षेप चार मिनिटांच्या भागाला आहे, तो मुतनब्बी रस्त्याचा भाग. बगदादमधला हा पुस्तकांचा रस्ता, दहाव्या शतकातल्या एका मोठ्या कवीच्या नावाचा. पुणेकरांनी अप्पा बळवंत चौक डोळ्यांसमोर आणावा, आणि दर शुक्रवारी पुस्तके थेट फूटपाथवर मांडलेली. कैरो लिहिते, बैरुत छापते, बगदाद वाचते, अशी तिकडे म्हणच आहे. ५ मार्च २००७ रोजी तिथे गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. पंचविसाहून जास्त माणसे गेली. शाहबंदर हे जुने चहाघर उद्ध्वस्त झाले, पुस्तके जळाली. माझी मैत्रीण यात कोणत्याही सरकारचे, पक्षाचे, पंथाचे नाव घेत नाही. देश सोडायच्या आदल्या आठवड्यात तिच्या वडिलांनी या रस्त्यावर आपली पुस्तके विकली होती. कोणकोणती विकली ते ती एकेक करून सांगते. संतूर हलका चालू असतो. यादी संपते आणि ती तारीख सांगते. बस्स, एवढेच.

गेल्या वर्षी पानिपतावरचा पोवाडा याच मंचावर आपल्या मुलांनी म्हटला. मीच बसवला होता. त्यात लाख बांगडी फुटली, आणि आपण सगळे डोळे पुसत ऐकत होतो. तेव्हा कोणी म्हटले नाही की विषय जड आहे. गेलेल्या माणसांची नावे लयीत घेणे हे आपल्याकडे शाहिराचे काम मानले जाते. दुसऱ्याच्या शाइराने तेच केले तर ते राजकारण ठरते का?

पैशाचा मुद्दा थोडक्यात. बाहेरगावच्या गायकाला मानधन आणि विमानाचे तिकीट दिलेत, त्यात काही गैर नाही. आमचा संतूरवादक शिकागोहून साडेचार तास गाडी चालवून येणार होता, त्याच्या पेट्रोलचे विचारले तर "तुमचा कम्युनिटी आयटम आहे ना" असे उत्तर मिळाले.

एका ज्येष्ठ सदस्यांनी मला विचारले, "पण आपला त्यांच्याशी संबंध काय?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही तसेच देते. माझा जन्म पुण्याच्या ससून रुग्णालयातला. तुमच्यापैकी किमान तिघांचा तिथलाच, मला माहीत आहे. ते ज्यांच्या नावाचे, ते डेव्हिड ससून बगदादचे ज्यू. तिथल्या छळाला कंटाळून ते बाहेर पडले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईला आले. पुण्यात कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगच्या, आवारात त्यांची कबर आहे. शाळेत असताना मी रोज त्या लाल मनोऱ्याखालून जात होते. पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून बगदादच्या दिशेने निघालेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पूना डिव्हिजन होते. कुत अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला उपाशीपोटी शरण गेल्या. साताऱ्याकडच्या किती गावांत अजून संगमरवरी पाट्या आहेत, इतके गेले, इतके परत आले नाहीत. त्यांतली बरीच माणसे मैत्रिणीच्या वडिलांच्या देशात मातीखाली आहेत.

संगीतातला संबंध तर आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. बगदादचे, औद हे तंतुवाद्य वाजवणारे रहीम अलहाज २००० मध्ये निर्वासित म्हणून अमेरिकेत आले आणि न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला राहिले. उस्ताद अमजद अली खाँसाहेबांच्या सरोदबरोबर त्यांनी केलेल्या २००९ च्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमीचे नामांकन होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने त्यांना पारंपरिक कलांसाठीची हेरिटेज फेलोशिप दिली. शिकागोकडे वाढलेला अमीर एलसफ्फार, वडील इराकी, आई अमेरिकन, जॅझचा ट्रंपेटवाला. २००१ मध्ये स्पर्धेत मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांतून तो मकाम शिकायला बगदादला गेला. ट्रंपेटमधून ते मधले स्वर काढायची रीत त्याने स्वतः घडवली, आणि आमचा ट्रंपेटवादक त्याचेच ऐकून ऐकून तयार झाला आहे. त्याची बहीण डेना १९९३ पासून इंडियानात मध्यपूर्वेच्या संगीताचा वृंद चालवते. तमिळ आई-वडिलांचा विजय अय्यर पियानो वाजवतो. त्याने कवी माइक लॅडबरोबर इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांच्या स्वप्नांवर कार्यक्रम केला, त्यात ते सैनिक स्वतःच मंचावर बोलतात. आणि बगदादच्या कवयित्री दुन्या मिखाईल इथेच, आपल्याच मिशिगनमध्ये राहतात, अरबी आणि इंग्रजी दोन्हींत लिहितात. तेव्हा "असलं कोणी ऐकत नाही" हे तुमचे म्हणणे मला मान्य नाही. इथल्या विद्यापीठांत, इथल्या ग्रंथालयांत आपलीच मुले ते ऐकत बसलेली असतात.

माझ्या मागण्या आता सरळ मांडते.

माझ्या मैत्रिणीला मंडळाच्या वतीने लेखी दिलगिरी जावी. माझ्यामार्फत नको, तिच्या नावाने आणि तिला वाचता येईल अशा भाषेत. मंचाने दिलेला शब्द मोडला आणि तिच्या कार्यक्रमाचे नाव परस्पर बदलले, या दोन्ही गोष्टींचा त्यात स्पष्ट उल्लेख हवा.

येत्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात तो पूर्ण ३५ मिनिटांचा प्रयोग व्हावा, झुहैरीच्या सातही ओळी आणि मुतनब्बी रस्त्याची चार मिनिटे यांच्यासह. उशिरा, मुले खाली जेवत असताना नको. मुलांनी ऐकावे यासाठीच तर तो केला आहे.

मजकूर आधी तपासायचा असेल तर सगळ्यांचा तपासा आणि निकष आधी जाहीर करा. कोणाचा कार्यक्रम नाकारलात तर कारण इमेलवर, सहीनिशी द्या. मानधन आणि प्रवासखर्चाची एकच पद्धत ठेवा, मग कलाकार कुठल्याही समाजाचा असो. आणि कलाकाराने कलेला दिलेले नाव पत्रिकेत जसेच्या तसे छापा.

हे मान्य नसेल तर तसेही लेखी कळवा, १५ दिवसांत. वार्षिक सभेत मी हा विषय मांडणारच आहे. ३१ सभासदांनी सोबत सही करायची तयारी दाखवली आहे. आरतीची पेटी मात्र मी थांबवणार नाही, ती देवासाठी आहे.

तालमी चालूच आहेत. रविवारी दुपारी चार वाजता, बेसमेंटचे दार मागच्या अंगाला आहे. तुमच्यापैकी जे कोणी येतील त्यांच्यासाठी खुर्च्या मांडून ठेवते. माझी मुलगी पुन्हा उभी राहायला तयार झाली आहे. तिची आठ वाक्ये आता दहा झाली आहेत.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद